मोठं घर गेल्यावर

पनवेलजवळ रोडपालीला आमच्या इमारतीसमोर एक बाग आहे आणि त्या बागेत रोज सकाळी अमेरिका बुडते. बुडवणारे आम्ही तिघं-चौघं निवृत्त. त्यातले एक बँकेत होते, त्यांचा डॉलरवर जुना राग आहे. दुसऱ्यांची बंदराजवळ द्रोणागिरीला गोदामं आहेत, आणि कोळंबीचे किती कंटेनर अडकून पडले यावरून ते जगाचं भविष्य सांगतात. दोन फेऱ्या होईपर्यंत अमेरिका गुडघ्यावर येते, तिसऱ्या फेरीत संपते, आणि मग बाकावर बसून तिच्या जागी कोणाला बसवायचं यावर वाद होतो. बँकवाले चीनला बसवतात. गोदामवाले आपल्याला बसवतात, तेही अशा थाटात की जणू सत्यनारायणाला यंदा कोणी बसायचं एवढाच प्रश्न आहे.

मी पनवेलच्या एका शाळेत जन्मभर भूगोल शिकवला, म्हणून अधूनमधून माझंही मत विचारतात. मी ते देत नाही. एक तर माझी मुलगी तिकडे आहे. समुद्रात सोडलेली तरंगती यंत्रं पाण्याची उष्णता, वारा, लाटा मोजत असतात. ते मोजमाप गोळा करून, तपासून सगळ्या देशांना फुकट पाठवायचं, हे तिचं काम. यंदा त्या कामाचे पैसे आटले. माणसं निघून गेली. तिने तिथे थांबायचं की कायमचं घरी यायचं, हे या भाद्रपदात ठरायचं होतं, आणि ती घरी यावी म्हणून मी मनातून अगदी हटून बसलो होतो. तिची खोली रंगवून घेतली होती, नवा पंखा बसवला होता. बागेत अमेरिका बुडत असताना मला त्या पंख्याची आठवण यायची आणि खोटं कशाला बोलू, थोडा आनंदही व्हायचा.

दुसरं कारण जुनं आहे. मोठी सत्ता जाते कशी आणि ती गेल्यावर काय होतं, हे मी दहा-अकरा वर्षांचा असताना अगदी जवळून पाहिलं आहे. ती सत्ता म्हणजे पनवेल शहरातलं एक घर होतं आणि तिचं साम्राज्य आमच्या खारीपुरतं होतं.

आमचं गाव खाडीकाठी, उलव्याच्या बाजूला. आता ते नाही. विमानतळासाठी जी गावं उठली त्यांतलं ते एक, आणि आमची शेतं धावपट्टीखाली कुठेतरी आहेत. लोक तो विमानतळ कौतुकाने बघायला जातात. मी एकदाच गेलो आणि कुंपणाबाहेर उभा राहून आमचं शेत कुठे असेल याचा अंदाज करत बसलो. जन्मभर मुलांना नकाशे वाचायला शिकवले आणि स्वतःचं शेत सापडेना, याचं मला फार वाईट वाटलं.

त्या शेतांना आम्ही खार म्हणायचो. एकीकडे खाडी, दुसरीकडे भात, आणि मधे मातीचा लांबलचक बांध. तो बाहेरचा बांध. खाडीचं खारं पाणी आत येऊ द्यायचं नाही, एवढंच त्याचं काम. त्यात एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला पावसाचं पाणी त्यातून बाहेर जायचं आणि भरतीच्या रेट्याने दार आपोआप मिटायचं. आत ज्याच्या त्याच्या शेताला छोटे बांध होते, पण ते भातापुरतं गोडं पाणी धरून ठेवायला. एकदा खारं पाणी शेतात शिरलं की दोन-तीन वर्षं तिथे गवतसुद्धा धड उगवत नसे. गावाचा जीव सगळा त्या बाहेरच्या बांधात.

आणि बाहेरचा बांध होता मोठ्या घराचा, म्हणजे पनवेलच्या त्या मालकांचा. खाडी अडवून ही जमीन आमच्या पूर्वजांनी काढली, असं मालक सांगायचे. माती आमच्या पूर्वजांनी वाहिली, असं आम्ही सांगायचो. बांध राखण्याच्या बदल्यात प्रत्येक खळ्यावरून भाताचा वाटा पनवेलला जायचा. उघाडीच्या तोंडाशी जाळं लावून जी मासळी मिळायची तिच्यातली मोठी, चांगली तीही तिकडेच. मालकांचा कारभारी बांधावरून येताना दिसला की आमची माणसं पायातलं काढून हातात घ्यायची. माझ्या वडिलांना हे बघवत नसे. ते पायात काही घालतच नसत, म्हणजे काढायचा प्रश्न यायला नको.

पण मोठं घर काम करायचं, हेही सांगितलं पाहिजे. फाल्गुनात खाडीतला चिकट चिखल काढून बांधावर चढवला जायचा आणि कारभारी उन्हात उभा राहून ते करून घ्यायचा. खेकडे बांधाला बिळं पाडतात, ती बुजवायला एक माणूस कायमचा ठेवलेला होता. आणि पुनवेला, अमावास्येला उधाणाची भरती येते, तेव्हा भर दुपारी बांधावर ढोल वाजायचा. ढोल वाजला की घरटी एक माणूस फावडं घेऊन हजर. मग घरात लग्न असो की सुतक. माझी एक आत्या सांगायची, तिच्या हळदीच्या दिवशी नवरदेवसुद्धा हळद लागलेल्या अंगाने बांधावर गेला होता, आणि फावड्याच्या दांड्यावर त्याच्या पिवळ्या बोटांचे ठसे उमटले होते. आत्या हे सांगताना अजून लाजायची.

हे घर एका दिवसात पडलं नाही. कुणी पाडलंही नाही. मालकांची मुलं मुंबईला गेली, तिकडे त्यांचं बस्तान बसलं, आणि चिखलातल्या आमच्या बांधात त्यांचं मन राहिलं नाही. आधी खेकड्यांची बिळं बुजवणारा माणूस बंद झाला. मग फाल्गुनातला चिखल निम्म्यावर आला. मग एका वर्षी ढोलाचं कातडं फाटलं, ते कोणी बदललं नाही. कंटाळवाणी, न दिसणारी कामं अशी एकेक करून गेली, आणि रुबाब मात्र होता तसाच राहिला. उलट वाढला. पूर्वी कारभारी बांधावरून मुकाट चालायचा, आता ओरडत चालायचा. वाटा वेळेवर आला नाही तर बघून घेईन, मी आहे म्हणून तुम्ही आहात, असं काहीबाही. आजकाल टीव्हीवर मोठ्या देशांचे मोठे लोक बोलताना पाहिले की मला तो कारभारी आठवतो, आणि त्याच्या हातातली छत्री.

त्याच ओरडण्यावरून माझ्या वडिलांचं डोकं फिरलं. देवळापुढे गावकी बसली होती, म्हणजे घरटी एक पुरुष आणि लांब ओट्यावर बायका-पोरं. बाबा उभे राहिले. ते तेव्हा पस्तिशीच्या आतले, अंगाने काटक, आवाज मात्र असा की खाडीपलीकडे जावा.

"काम नाय तं वाटा नाय," ते म्हणाले. "बांध आमचा हाय. आमी सगळे मिळून बघू."

लोकांनी आरोळी ठोकली. कुणीतरी गूळ आणला, घरोघरी वाटला. मोठं घर त्या दिवशी आमच्यापुरतं संपलं. कारभारी पुन्हा आला नाही, वाट्यासाठी कोणी भांडायलाही आलं नाही, यावरून ते आतून केव्हाच संपलेलं होतं हे लक्षात यायला हवं होतं. घरी आल्यावर बाबा ताठ मानेने जेवायला बसले. आईने ताटात भाकरी टाकली आणि सहज विचारलं, "सगळे म्हंजे कोन?"

बायकांना राजकारण कळत नाही, असा चेहरा करून बाबांनी भाकरी मोडली.

त्या पावसाळ्यात आमच्या खारीत एक विलक्षण गोष्ट झाली. मालकाचा धाक गेला होता, वाटा द्यायचा नव्हता, सगळं भात आपलं. त्यामुळे माणसं शेतावर अशी राबली की बस. प्रत्येकाने आपापल्या शेताचा छोटा बांध उंच केला. शेजाऱ्याने वीतभर चढवला की बाबा दीड वीत चढवायचे. मग शेजारी दोन. एवढे देखणे बांध गावाने कधी पाहिले नव्हते. आम्ही पोरं त्यांवरून पळायचो. बाहेरच्या बांधाकडे जाता-येता सगळेच बघत होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण बघतोय तसं बाकीचेही बघत असतील. बघत होतेच. चिखल कोणी लावत नव्हतं.

भाद्रपद सरत आला. भात निसवलं होतं, लोंब्या बाहेर आल्या होत्या. आणि आली सर्वपित्री अमावास्या.

आमच्याकडे त्या दिवशी घरोघरी पितरांचं पान. तांदळाची खीर, वडे, भोपळ्याची भाजी, आणि ज्याच्या बापाला जे आवडायचं ते. पान कौलांवर ठेवायचं आणि कावळ्याची वाट बघायची. कावळा शिवल्याशिवाय घरात कोणी जेवायचं नाही. एरवी मोठ्या घराचा ढोल याही अमावास्येला वाजायचा आणि घरटी एक माणूस उपाशीपोटी शिव्या घालत बांधावर जायचा; कावळा बाकीच्यांनी सांभाळायचा. त्या वर्षी ढोल नव्हता. पहिल्यांदाच सगळं गाव पितरांसाठी घरी होतं, आणि या गोष्टीचं लोकांना केवढं सुख वाटत होतं.

ऊन डोक्यावर आलं. कावळा येईना. आमच्याकडे नाही, शेजारी नाही, पलीकडच्या आळीतही नाही. एक कावळा नाही. पोटात कावळे ओरडत होते तेवढेच. माणसं शिड्या लावून कौलांवर चढली आणि आपापल्या मेलेल्या बापाची समजूत काढू लागली. एकाने बैल विकणार नाही म्हणून सांगितलं. एकाने भावाशी बोलेन म्हणून कबूल केलं, आणि भाऊ खालून ऐकत होता. माझे बाबा शिडीच्या वरच्या पायरीवर उभे राहून हात जोडून आमच्या आजोबांना म्हणाले, "खारीची कालजी करू नका. बांध आमी सगळे बघतो."

तरी कावळा आला नाही.

पितर रागावले, असं गाव मानून चाललं होतं. आई मात्र अंगणाच्या कडेला उभी राहून खाडीकडे बघत होती. तिने मला जवळ बोलावलं आणि बोट दाखवलं. "तुझी नजर चांगली हाय. त्या बांधावर काला कसला ढग हाय बघ."

तो ढग नव्हता. ते कावळे होते. गावातले, शेजारच्या गावातले, सगळे. बांधाच्या एका जागी ते घिरट्या घालत होते, खाली उतरत होते, परत उडत होते.

बाबा शिडीवरूनच वळले. "बांधावर कोन हाय?" त्यांनी विचारलं.

आईने वर पाहिलं. ती ओरडली नाही. "सगळ्या गावाला तुमी बोल्ला, सगळे बघतील," ती म्हणाली. "मंग तुमी घरी काय करता?"

बाबांनी उडी मारली. पायरी-पायरीने उतरणारे माझे बाबा, त्यांनी शिडीवरून उडी मारली आणि तसेच पळत सुटले. मागून आम्ही, आमच्यामागे फावडी घेऊन गाव. बांधाला खांड पडली होती, बैलगाडी आरामात जाईल एवढी, आणि खाडी आत येत होती. तिला कसली घाई नव्हती. निसवलेल्या भातातून गढूळ पाणी पुढे सरकत होतं, त्याच्याबरोबर बोईट, निवट्या, कोळंबी अशी मासळी, आणि कावळ्यांची मेजवानी चालली होती. पितरांच्या वड्यांकडे ते कशाला येतील? माणसं फावडी टाकून नुसती उभी राहिली, कारण भरती ओसरेपर्यंत करण्यासारखं काही नव्हतं.

भरती ओसरली आणि खरी शिक्षा तेव्हा कळली. खाडीचं पाणी परत निघालं, पण आमच्या शेतातून निघेना. आम्ही हौसेने उंच केलेल्या त्या देखण्या बांधांनी खारं पाणी आत अडवून धरलं होतं. ज्याचा बांध सगळ्यात उंच त्याच्या शेतात पाणी सगळ्यात जास्त. सगळ्यात उंच बांध आमचा होता. बाबांनी तो स्वतःच्या हाताने फोडला. मी बाजूला उभा होतो. ते फावडं मारत राहिले.

त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी आम्ही रेशनवरची लाल ज्वारी खाल्ली. ती अमेरिकेतून आली आहे असं सगळे म्हणत. तांदळाच्या भाकरीवर वाढलेली आमची तोंडं; ती लाल भाकरी घशाखाली उतरत नसे. बाबा ती मुकाट खायचे. अमेरिकेशी त्यांची पहिली ओळख ही अशी, ताटातली. पुढे कितीतरी वर्षांनी नात तिकडे निघाली तेव्हा ते एवढंच म्हणाले होते, "त्यांनी आमाला खायला घातलंय. खायला घातलं आन् ऐकवलंपन. दोन्ही ध्यानात ठेव."

मोठं घर गेलं होतं, त्याच्या जागी कोण, हा प्रश्न आमच्या गावकीतही आला. पनवेलचा एक व्यापारी बांध दुरुस्त करून द्यायला तयार होता. वाटा मोठ्या घरापेक्षा जास्त, पण बोलणं गोड. अर्धं गाव तयार झालं. मालक बदलला तर बदलला, बांध राहिला म्हणजे झालं. आणि बाबांना बोलायला तोंड नव्हतं, ते बसले की लोक मुद्दाम हसत विचारायचे, "सगळे आले का?" मला ते हसणं सहन व्हायचं नाही. मी देवळामागे जाऊन रडायचो.

त्या बैठकीला बाबा घरून एक रॉकेलचा रिकामा डबा घेऊन गेले. मधोमध ठेवला.

"मी चुकलो," ते म्हणाले. "सगळे म्हंजे कोनीच नाय. हा डबा ज्याच्या घरी, ती अमावास-पुनव त्याची. त्यानं बांध फिरायचा, बिलं बुजवायची, उधान आलं की डबा वाजवायचा. वाजला की घरटी एक मानूस. उधान सरलं की डबा पुढच्या घरी. पयला डबा माझा."

गाव काही लगेच भारावलं वगैरे नाही. बरीच कटकट झाली. पण डबा कुठल्या घरापासून कुठल्या बाजूला फिरवायचा यावर भांडण सुरू झालं तेव्हा व्यापाऱ्याचा विषय मागेच पडला. खांड गावानेच घरटी एक माणूस लावून बुजवली.

तो डबा पुढे गाव उठेपर्यंत फिरत राहिला. लहानपणीचं काय आठवतं म्हणून कोणी विचारलं तर मला तो आवाज आठवतो, पत्र्याचा, बेसूर, भर दुपारचा. ढोलाची सर त्याला नव्हती. काम मोठ्या घराच्या वेळेसारखं चोख कधीच झालं नाही, हे मी नाकारत नाही. कोणी डबा शेजाऱ्याच्या ओट्यावर गुपचूप ठेवून पळायचा. एका घरात त्यात सुकट भरून ठेवली होती आणि उधाण आल्यावर आधी सुकट उपसावी लागली. बांध कुठे ना कुठे गळायचाच. पण गळतोय हे कोणाला तरी ठाऊक असायचं, आणि तो कोणीतरी म्हणजे कोण, हे गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगायचं. रस्त्यात माणसं भेटली की खुशाली विचारायच्या आधी विचारायची, "डबा कोनाकडं हाय?" बांधावरून चालताना कोणी पायातलं काढेनासं झालं. बाबांनी त्या वर्षी आयुष्यातली पहिली चप्पल घेतली आणि ती करकर वाजवत ते बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आले.

हे सगळं यंदाच्या भाद्रपदात पुन्हा वर आलं ते मुलीच्या फोनमुळे. रविवारी ती व्हिडिओ कॉल करते. बाबा आता नव्वदीला टेकलेत, ऐकू कमी येतं, बरंचसं विसरतात, पण नात पडद्यावर दिसली की सावरून बसतात. ती मला सांगत होती की तिचं खातं जवळजवळ बंद झालं. तीन-चार छोट्या देशांनी मिळून पाळीपाळीने ते काम चालू ठेवायचं म्हटलंय, माणसं तुटपुंजी, पगार निम्मा, खात्री फक्त एका वर्षाची. तोवर यंत्रांकडून येणारं सगळं ती आणि आणखी एक मुलगी अशा दोघीच सांभाळत होत्या. त्या देशांना होय-नाही अमावास्येपर्यंत कळवायचं होतं. ती अमावास्या म्हणाली नाही, तारीख म्हणाली, अमावास्या आम्ही काढली.

"मंग आता ते कोन बघनार?" बाबांनी मधेच विचारलं.

"माहीत नाही आबा," ती हसून म्हणाली. "मोठे लोक म्हणतात, सगळे मिळून बघतील."

"सगळे," बाबा म्हणाले.

मग मी पुष्कळ बोललो. तिकडचं आता काही खरं नाही, जे बुडतंय त्याला तू कशाला खांदा देतेस, इथे ये, चांगली नोकरी मिळेल, नाही मिळाली तरी घर आहे. बागेत जे ऐकून चीड यायची तेच सगळं मी तिला ऐकवलं. पंख्याचंही सांगितलं.

सर्वपित्रीला आम्ही इमारतीच्या गच्चीवर आईचं पान ठेवलं. आईला जाऊन बरीच वर्षं झाली. रोडपालीला कावळे कमी आणि कबुतरं उदंड. बायको काठीने कबुतरं हाकलत होती आणि मी आकाशाकडे बघत होतो. अर्धा तास गेला असेल. खाली आलो तर बाबांची खुर्ची रिकामी, दार उघडं, कोपऱ्यातली काठी नाही. लिफ्टपाशी वॉचमन म्हणाला, आजोबा तलावाकडे गेले, मी विचारलं तर रागावले.

आमच्या वस्तीच्या कडेला पावसाचं पाणी साठवायचा एक तलाव आहे. खाडीकडच्या बाजूला त्याला लोखंडी झडप आहे. ओहोटीला उघडते, भरतीला मिटते. एवढी वर्षं मी त्याच्या शेजारून चालत होतो, आणि ती उघाडी आहे हे भूगोल शिकवणाऱ्या मला कधी सुचलं नाही. बाबा कठड्याला धरून उभे होते. भरती चढत होती. झडपेत एक जुनी गादी अडकली होती, त्यामुळे ती पुरती मिटत नव्हती, आणि फटीतून खाडीचं पाणी आत येत होतं. बाबा काठीने ती गादी ढोसायचा प्रयत्न करत होते. काठी तिथवर पोचतही नव्हती. दोन पोरं मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ काढत होती.

मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला. ऊन, त्यांचं वय, उघडं दार, सगळ्याचा राग एकदम आला होता. ते मला बघून अजिबात दचकले नाहीत.

"डबा कोनाकडं हाय?" त्यांनी विचारलं.

त्यांना समजावत बसण्यात अर्थ नव्हता. "आपल्याकडंच हाय बाबा," मी म्हणालो. "चला घरी."

त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. मी शाळेत पहिला आलो तेव्हाही त्यांनी इतकं नीट पाहिलं नव्हतं. "मंग तू घरी काय करत होतास?" ते म्हणाले.

मला आईचा आवाज ऐकू आला. शिडी, कौलं, ते सगळं समोर उभं राहिलं, आणि मला तिथे तलावावर, त्या पोरांच्या मोबाइलसमोर रडू आलं. मग मी त्याच पोरांना दरडावून एक बांबू आणायला लावला. गादी निघायला चांगलाच घाम गाळावा लागला. झडप मिटल्याचा आवाज झाला तेव्हा बाबांनी मान हलवली आणि घरी यायला तयार झाले. गच्चीवर तोवर आईच्या पानाला कावळा शिवून गेला होता, असं बायकोने सांगितलं.

रात्री जेवणं झाल्यावर मुलीचा फोन आला. तिच्याकडे सकाळ होती. "पप्पा, आज कळवायचंय," ती म्हणाली. "तुम्ही सांगाल ते करते. येऊ का?"

ये म्हणायला एक अक्षर लागतं. ते माझ्या ओठांवर होतं, महिनाभर होतं. मी तिच्या खोलीच्या दाराशी उभा होतो आणि आत नवा रंग वासासकट तिची वाट बघत होता.

"डबा आत्ता कोणाकडे आहे?" मी विचारलं. लहानपणी आजोबांकडून ती गोष्ट तिने इतक्यांदा ऐकली होती की मला काही समजावून सांगावं लागलं नाही.

"माझ्याकडे," ती म्हणाली.

"मग घरी येऊन काय करशील?" मी म्हणालो. तिकडे ती रडत होती, इकडे मी.

बाबा खुर्चीत पेंगत होते, त्यांना काही ऐकू जात नसेल असं मला वाटत होतं. त्यांनी डोळे न उघडताच हात वर केला.

"रडते कशाला ती?" ते म्हणाले. "जल्मभराचा थोडाच हाय? तिला सांग, उधान सरलं की डबा पुढच्या घरी दे. आन् मंग ये."